पाहिलेलं, अंदाज आणि चटणी

शिवा, काल सकाळी मी तुला मेसेज पाठवला.

दात घासून झाले होते, चहा यायचा होता आणि हातात मोबाइल होता. एवढ्या भांडवलावर मी काय काय मूर्खपणा करू शकतो ते तुला माहीतच आहे. नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं की कडक भाकरी खाणाऱ्यांचे दात मरेपर्यंत हलत नाहीत, असं म्हणे परदेशातल्या शास्त्रज्ञांनी शोधून काढलंय. मी सवयीनं ते तुझ्याकडे ढकललं आणि खाली नेहमीचं लिहिलं, 'खरं का रे?'

आणि स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी काहीतरी किणकिणलं.

तुझा फोन. कॉलेजच्या लोकांनी तुझी बॅग आणून दिली तेव्हापासून तो नंदाकडेच आहे. रोज चार्जिंगला लावते. कशाला, ते मी विचारलेलं नाही. ती मेथी निवडत बसली होती. उठली, हात पुसले, फोन उचलला, वाचलं, पालथा ठेवला आणि परत मेथी निवडायला बसली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या फोनवर दोन टिका उमटल्या होत्या. म्हणजे पोहोचला. मी त्या टिकांकडे बघत बसलो. आपण उत्तराची वाट बघतोय, हे माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

तू गेल्याची बातमी आली तेव्हाही मी असाच वागलो. बुधवार, दुकान नुकतंच उघडलेलं. एका गिऱ्हाइकाला लग्नात टोपी-टॉवेल द्यायचे होते आणि रंगावरून त्याचा घोळ चालला होता. फोन आला. तुझ्या स्टाफरूममधले कुणी सर बोलत होते. त्यांनी सांगितलं ते ऐकून मी त्यांना काय विचारलं असेल? "तुम्ही स्वतः पाहिलं का?"

बिचारा माणूस गोंधळला. म्हणाला, "अहो, मी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत होतो."

मी म्हटलं, "बरं." फोन ठेवला आणि गिऱ्हाइकाला पिवळा टॉवेल उलगडून दाखवला. खरंच दाखवला, शिवा. तो म्हणाला, "पिवळा नको." मग मी खाली बसलो.

तूच लावलेली सवय ही. बातमी आली की आधी विचारायचं, पाहिलं कुणी? आता बघ, मिळालं उत्तर. शेजारच्या खुर्चीतून पाहिलेलं. ह्यात अंदाज नाही, चटणी नाही. आणि हीच एक बातमी माझ्या गळी उतरत नाही.

आपण कॉलेजात एका बाकावर होतो. मग मी तुझ्या धाकट्या बहिणीशी, नंदाशी लग्न केलं आणि तू मला नावानं हाक मारायचं सोडून 'दाजी' म्हणायला लागलास. मला वाटलं, मान वाढला. पण 'दाजी, तू गप' ह्यात मान कुठं असतो ते आजवर सापडलेलं नाही. तू लग्न केलं नाहीस. शुक्रवार पेठेत, आमच्या मागच्याच बोळात, आईच्या, म्हणजे अव्वांच्या, दोन खोल्यांत राहिलास, अव्वा गेल्यावरही तिथंच. आणि रविवारची न्याहारी आमच्याकडे. मंगळवेढ्याच्या ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि त्या आठवड्यात जगात नवीन काय सापडलं ते. तू जीवशास्त्राचा मास्तर, पण आकाशातलंही सोडायचा नाहीस.

भाकरी हातात घ्यायचास आणि मोडायचास. कट्. मोठा तुकडा ताटात उजवीकडे. "हे पाहिलेलं. डोळ्यानं म्हण, यंत्रानं म्हण, पण परत कुणी बघायला गेलं तर त्यालाही दिसलं पाहिजे." छोटा तुकडा मधे. "हा अंदाज. पाहिलेल्यावरून बांधलेला. उद्या बदलेल, तेव्हा रागवायचं नाही." मग बरणीतून चमचाभर चटणी. "आणि ही बातमी देणाऱ्यानं लावलेली. लोक चटणीच खातात दाजी, आणि म्हणतात, भाकरी काय झकास!"

हे बोलताना तू माझ्याकडेच बघायचास, आणि ते बरोबरच होतं. खानदानात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे आणि माझ्या गोष्टीत कुत्र्याचा बिबट्या होतो हे लहान पोरांनाही माहीत आहे. मी कुठल्या बारशातली हकीकत सांगायला लागलो की नंदा आतून ओरडायची, "ह्यात चटणी किती?" तुझी ती भाकरी आमच्या घरात अशी मुरली.

झाडांचं तुला आठवत असेल. टोमॅटोचं रोप तहानलं किंवा त्याचं खोड कापलं, की त्यातून टिकटिक असे आवाज निघतात. ते आपल्या कानांच्या आवाक्याच्या फार वरचे, म्हणून आपल्याला ऐकू येत नाहीत. शास्त्रज्ञांनी खास माइक लावून ते टिपले. पाणी घातलेलं रोप मात्र जवळजवळ गप्प. मी हे रविवारी तुझ्याकडून ऐकलं आणि सोमवारी दुकानात सांगितलं की झाडं किंचाळतात. आठवड्याच्या मध्यावर माझी झाडं एकमेकांना नावानं हाका मारायला लागली होती. त्यातच सांगोल्याचे तुमचे नागूमामा दुकानात आले. डाळिंबाची बाग असलेला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकदम बारीक आवाजात म्हणाले, "म्हंजे त्या साली टँकर येत न्हवता, तवा माजी समदी बाग वरडत व्हती म्हणा की."

त्यांच्या डोळ्यांत पाणी. मी घाबरलो. रविवारी त्यांना तुझ्यासमोर आणून बसवलं.

तू भाकरी मोडलीस. "मामा, टिकटिक पाहिली. खोडात पाणी वर चढायच्या बारीक नळ्या असतात, त्यात बुडबुडे फुटत असावेत, हा अंदाज. वरडायचं काम आमच्या दाजींनी केलंय."

मामांनी मोठा तुकडा बोटानं पुढं ओढला. मग म्हणाले, "पर टिकटिक तर व्हती की?"

"होती," तू म्हणालास.

"मग झालं," मामा म्हणाले आणि जेवायला लागले. मला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं. मी एवढं रडवलं तरी त्या माणसाचं समाधान झालं नव्हतं, आणि तुझ्या एवढ्याशा खऱ्या तुकड्यावर ते दोन भाकऱ्या जेवले.

आणि ती चादर! दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, त्याला शंभर कोटींहून जास्त वर्षं झाली, आणि त्या धडकेनं अवकाशालाच जी लहर आली ती आत्ता कुठं इथल्या यंत्रांना जाणवली. मी म्हटलं, "अवकाशाला लहर म्हणजे? ते काय पाणी आहे का?" तू मला दुकानातली कोरी चादर आणायला लावलीस. दोन टोकं तू धरलीस, दोन मी. नंदानं वरून मधोमध लिंबू टाकलं. चादर थरथरली आणि माझ्या चिमटीत काहीतरी सरकलं.

"कळलं?" तू विचारलंस. "आता हे जे तुझ्या बोटांना कळलं, ते अणूच्या गाभ्याहूनही बारीक आहे असं समज. तेवढं मोजलंय त्यांनी. आदळणारे कधीचे संपले. थरथर आत्ता पोहोचली."

आणि मी, टॉवेल विकणारा माणूस, नेहमीचं विचारून बसलो, "पण ह्याचा उपयोग काय?"

मग आपलं जे जुंपायचं ते जुंपलं. तू म्हणायचास, प्रत्येक गोष्टीला दुकानदारासारखा उपयोग विचारू नको. मी म्हणायचो, मी दुकानदारच आहे. चादरीची टोकं अजून आपल्या हातातच होती. नंदा म्हणाली, "भांडा तुम्ही. पण चादर मळली, आता ही कोण घेणार?" शेवटी ती चादर तूच घेऊन गेलास. बुधवारी तुझ्या खोलीत गेलो तेव्हा ती खाटेवर होती. घडी न केलेली. सकाळी उठून गेलेला माणूस संध्याकाळी परत येणार असतो, तेव्हा जशी असते तशी.

मी तिची घडी घालायला गेलो आणि दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं.

आता गेल्या रविवारचं बोलू. टाळून किती टाळायचं.

तू पहिला घास घेतलास आणि डाव्या हातानं छातीच्या खाली चोळलंस. नंदानं बघितलं. मी दह्याच्या वाटीत होतो, मी काय बघणार. ती तुझ्याशी कानडीत बोलायला लागली. मला वगळायचं असलं की तुम्ही भावंडं कानडीत शिरता, आणि इतक्या वर्षांत मला सगळं कळायला लागलंय हे तुम्हा दोघांनाही माहीत असतं. अण्णा, डॉक्टरला दाखव, म्हणाली. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मशीन आहे, आजच ईसीजी काढून ये, मी येते बरोबर.

तू मराठीत आलास, म्हणजे मलाही ऐकवायचं होतं. "नंदे, पाहिलेलं काय आहे? मी छाती चोळली, एवढंच. हार्ट हा तुझा अंदाज. बाकी सगळी चटणी. ॲसिडिटी आहे मला."

"आणि ॲसिडिटी कुणी पाहिली?" ती म्हणाली.

तू खूश झालास. तिच्याकडे बोट करून मला म्हणालास, "बघ दाजी, ही माझी खरी विद्यार्थिनी." आणि दुसरी भाकरी घेतलीस.

शिवा, ह्याचं मी काय करू ते सांग. शंभर कोटी वर्षांपूर्वीची थरथर अणूच्या गाभ्याहून बारीक असली तरी टिपता येते, हे मला कोण सांगत होतं? तुझ्या छातीतली थरथर टिपायला दोन बोळ ओलांडायचे होते. कागदाची एक पट्टी बाहेर आली असती. पाहिलेलं झालं असतं. मग तू तिचे वाटेल तेवढे तुकडे केले असतेस. लोकांना आधी बघा, आधी मोजा म्हणून सांगणारा माणूस स्वतःच्या बाबतीत न बघताच निकाल देऊन मोकळा झाला. हा राग आहे, आणि तो कुणावर काढायचा हे कळत नाही, म्हणून तुझ्यावरच काढतोय. तू आता 'दाजी, तू गप' म्हणू शकत नाहीस, ह्याचा फायदा घेतोय असं समज.

बुधवारी दुपारी तुला मातीत बसवलं. आपल्यात बसवतात तसंच, मांडी घालून, कपाळाला विभूती लावून. मी काठावर उभा होतो. तू अगदी न्याहारीला बसतोस तसा बसला होतास, मान किंचित पुढे. मला वाटलं, आता हात पुढे करशील आणि म्हणशील, आण भाकरी. लोक माती सारायला लागले तेव्हा मी खरोखर एक पाऊल पुढे टाकलं, थांबा म्हणायला. नागूमामांनी माझा दंड धरला. ह्यात चटणी नाही. पाहिजे तर मामांना विचार.

नंदा रडली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी देते, शेजारच्यांचे डबे घासून परत करते, मेथी निवडते. ताट वाढून घेते आणि कुणी बघत नसलं की परत झाकून ठेवते. एकदाच बोलली, तेही माझ्याशी नाही, भांड्यांवर पाणी सोडता सोडता, "ओढत न्यायला पाहिजे होतं मी."

बास. त्यानंतर तुझं नावही नाही. मी तिच्याशी काय बोलावं? समजूत घालायला गेलो तर माझं तोंड तुला माहीत आहे, त्यातून बिबट्याच निघायचा.

आणि तू माझ्याकडे काय ठेवून गेलास, आठवतंय ना? मंगळवारी संध्याकाळी दुकानात आलास. गल्ल्यापुढच्या स्टुलावर बसलास. चहा प्यायलास, आणि नवं काहीतरी सापडलं की तुझा आवाज जसा खाली जातो तशा आवाजात सांगायला लागलास. पोटातल्या बाळाच्या पेशी, आईचं रक्त, आणि पुढचं. ऐकून मी म्हटलं, "म्हणजे नंदा माझ्याशी भांडते त्यात तुझाही हात आहे तर!" तू इतका हसलास की शेजारचा दुकानदार डोकावून गेला.

मग म्हणालास, "रविवारी हे तिला सांगणार आहे. मी सांगणार. तू आधी बोलू नको. तुझ्या तोंडून गेलं तर रविवारपर्यंत मी तिच्या पोटात मांडी घालून बसलेला असेन."

"पण ह्याचा उपयोग काय?" मी विचारलं.

"रविवारी बघू," म्हणालास आणि चप्पल सरकवून निघून गेलास. मी तुला पाठमोरं बघितलं नाही. दोऱ्याचा गुंता सोडवत होतो.

तर आज रविवार. तू आला नाहीस. तू सांगायचं ते माझ्याकडे राहिलंय, आणि मी सांगायचं नाही असा तुझा हुकूम. मी सकाळपासून आतबाहेर करत होतो. शेवटी डब्यातून कडक भाकरी काढली, चटणीची बरणी घेतली आणि नंदासमोर जमिनीवर बसलो. तुझ्या थाटात भाकरी मोडायला गेलो, तर तिचा चुरा झाला. अर्धी माझ्या मांडीवर. नंदानं उठून दुसरी भाकरी आणली आणि माझ्या हातात दिली. हीसुद्धा फोडाल, असं काही बोलली नाही, ह्याचीच मला जास्त भीती वाटली.

"शिवा मंगळवारी दुकानात आला होता," मी म्हटलं. "त्याला आज तुला एक सांगायचं होतं."

ती बसली.

मी भाकरी मोडली. ह्या वेळी नीट मोडली. मोठा तुकडा उजवीकडे ठेवला. "हे पाहिलेलं. बाळ पोटात असतं तेव्हा त्याच्या थोड्या पेशी वारेतून आईच्या रक्तात जातात. बाळंतपण झालं तरी सगळ्या संपत नाहीत. काही आईच्या अंगात वर्षानुवर्षं राहतात. अगदी म्हाताऱ्या बायकांच्या शरीरातसुद्धा त्यांच्या मुलांच्या पेशी सापडल्या आहेत."

"म्हणजे अव्वाच्यात अण्णाच्या?"

"असू शकतात."

"शेवटपर्यंत?"

"असू शकतात, नंदा. अव्वांच्या कुणी तपासल्या नाहीत."

ती मोठ्या तुकड्याकडे बघत होती. मी छोटा तुकडा मधे ठेवला.

"हा अंदाज. शिवाच्या मागून तू त्याच पोटात आलीस. अव्वांच्या अंगात त्याच्या ज्या पेशी उरल्या होत्या, त्यातल्या काही तुझ्यात आल्या असतील. काही नुकत्या जन्मलेल्या मुलींच्या नाळेच्या रक्तात मुलग्याच्या पेशी मिळाल्यात. त्या थोरल्या भावाच्या असाव्यात, असं काही शास्त्रज्ञांना वाटतं. अजून ठरलेलं नाही. सगळ्यांच्यात असतातच असं नाही. असल्या तरी अगदी थोड्या. आणि त्या तिथं काय करतात, हेही नीट माहीत नाही."

एवढं बोलून मी थांबलो.

"आणि चटणी?" ती म्हणाली.

शिवा, चमचा माझ्या हातात होता. भरलेला. मी काल रात्रीपासून घोकलेलं वाक्य जिभेवर होतं, तो गेला नाही, तुझ्यात आहे, आणि मी ते इतकं छान म्हणणार होतो की मलाच रडू आलं असतं. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. आणि नागूमामा आठवले, टिकटिक तर व्हती की म्हणणारे.

मी चमचा बरणीत परत ठेवला. "चटणी नाही," मी म्हटलं. "त्यानं एवढंच सांगितलं होतं."

आयुष्यात पहिल्यांदा मी एक गोष्ट जशीच्या तशी सांगितली, आणि तू ऐकायला नव्हतास. ह्याला काय म्हणायचं ते तूच ठरव.

नंदानं हात पुढे केला. मोठा तुकडा तसाच ठेवला आणि मधला, तो छोटा, अंदाजाचा तुकडा उचलून तोंडात टाकला. घरात त्या कुडकुडण्याशिवाय कसलाच आवाज नव्हता. अर्धा चावून झाला असेल, आणि ती रडायला लागली. कडक भाकरी तोंडात घेऊन माणसाला धड रडताही येत नाही. ठसका लागला. मी पाणी आणायला धावलो, तांब्याऐवजी दह्याचं भांडं घेऊन आलो. ती त्याच्याकडे बघून रडता रडता हसली, परत रडली. बुधवारपासूनचं सगळं निघालं. मी नुसता पाठीवर हात ठेवून बसलो. तू गप म्हणायची गरज नव्हती, मी होतो गप.

बऱ्याच वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं. मोठा तुकडाही खाल्ला, दह्याबरोबर. मग म्हणाली, "उद्या दुकान जरा उशिरा उघडा. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन माझा ईसीजी काढून येऊ."

मी तिच्याजवळ सरकलो. "का? तुला दुखतंय का काही?"

"मला काय बी होत न्हाय," नंदा म्हणाली. "पण अण्णानं काढू दिला न्हाय ना. माझ्यात त्याचं एवढंसं जरी असलं, तर तेवढ्याचा तरी निघू दे की."